कुत्र्यांच्या लसींचे दाखले

छाननीच्या प्रमुखाला, खात्यात ज्याला ‘खडूस’ म्हणत त्याला, यातून काय मिळणार होतं, याचा हिशोब तिने सगळ्यात आधी मांडला.

बढती? ती त्याने भांडून भांडून दोनदा स्वतःच घालवली होती. पैसा? त्याच्या बुटांचे झिजलेले तळवे बघितले की हा प्रश्न विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. वरच्यांची मर्जी? मंत्र्यांच्या सचिवाचा फोन आला तरी ‘लेखी पाठवा’ म्हणून खाडकन रिसीव्हर आपटणारा माणूस तो. मर्जी राखणं त्याला शिकवूनही आलं नसतं. जमेच्या बाजूला भोपळा.

आणि तरी सगळं शहर म्हणत होतं, करसवलतीच्या फायली दाबणारा चोर तोच.

ती करखात्याच्या दक्षता शाखेत तपास अधिकारी होती. खात्यातले लोक पाठीमागे तिला ‘चिमटा’ म्हणत. कितीही बारीक काटा असो, ही काढते आणि काढताना समोरच्याला चांगलंच दुखतं, म्हणून. हे नाव तिला माहीत होतं. मनातून आवडतही होतं.

सकाळी चहाचा कप ओठाला लावायच्या आत वरिष्ठांचा फोन आला.

“ताबडतोब या. एका बाईंनी माझ्या केबिनमध्ये ठाण मांडलंय. उठायला तयार नाहीत.”

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गिरणीमागच्या वसाहतीतल्या भाडेकरूंच्या संघाची अध्यक्ष. खुर्चीत अशा ताठ बसल्या होत्या, की केबिन त्यांची आणि वरिष्ठ उशिरा आलेले विद्यार्थी वाटावेत.

“यांचं म्हणणं,” वरिष्ठ घाम पुसत म्हणाले, “सरकारच्या विरोधात बोलणाऱ्या संस्थांचीच करसवलत आपण अडवतो.”

“म्हणणं नाही, दिसतंय,” बाई म्हणाल्या. “मंत्र्यांच्या नव्या रस्त्याला विरोध करणारे आम्ही अडकलो. नदीसाठी भांडणारे अडकले. सरकारकडे माहिती मागणारे अडकले. मंत्र्यांच्या मेव्हण्याचं क्रीडा मंडळ मात्र आठवड्यात पार. हा काय योगायोग म्हणायचा?”

“अडकलात म्हणजे नेमकं काय झालं?” चिमट्याने विचारलं.

बाईंनी कागदांची चळत टेबलावर टाकली. “हे आलं. सखोल चौकशी. वाचा.”

तिने वाचलं. बैठकीला कोण कोण येतं? त्यांची पूर्ण नावं? ते कुठे नोकरी करतात?

“द्या ना मग उत्तरं,” वरिष्ठ म्हणाले. “लपवायचं काय आहे त्यात?”

“माणसं,” बाई म्हणाल्या.

“आमच्यातले निम्मे सरकारी नोकर आहेत, साहेब. नाव गेलं की नोकरी गेली. नावं दिली नाहीत, तर महिनाअखेरीला हातात करसवलतीचं प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर देणगीदार मागे हटणार. देणगी नाही तर वकील नाही, आणि वकील नाही तर घरं नाहीत. सगळं कळतं मला. तरी सांगते, एकही नाव मिळणार नाही.”

बाईंना बाहेर बसवून वरिष्ठांनी दार लोटलं.

“हे बघा, परवा पत्रकार येणार आहेत. छाननीचा प्रमुख खडूसच आहे, तोंडाचा फाटका आहे, कोणाला नवल वाटायचं नाही. त्याच्या नावावर टाका आणि मिटवा.”

“टाकते,” ती म्हणाली. “त्याच्याकडे सापडलं तर.”

बाई जिन्यापर्यंत तिच्यासोबत आल्या.

“एक सांगते. तुमच्या या इमारतीत माणसासारखा माणूस एकच. खालच्या मदत कक्षातले साहेब. अर्ज घेऊन पहिल्यांदा आले, तर उठून खुर्ची दिली. म्हणाले, ‘बसा बाई, गुडघा आधीच दुखावलाय तुमचा.’ कोण विचारतं हो एवढं आजकाल?”

एवढं बोलून त्या जिना उतरून गेल्यासुद्धा. चिमटा अर्ध्यावर असताना त्या खाली दाराशी पोचल्या होत्या.

*

छाननीच्या खोलीत खडूस उभ्यानेच काम करत होता.

“आलात? बेड्या आणल्यात का?”

“अजून नाही. खुर्ची आहे का?”

“आहे. पण मोडकी आहे. खालच्यासारखी मखमल इथे मिळत नाही.”

“संस्थांची नावं बघून तुम्ही फायली अडवता, असा आरोप आहे.”

“नावं?” खडूसने एक फाईल तिच्यासमोर आपटली. “दाखवा कुठे आहे नाव.”

नाव नव्हतं. मागच्या वर्षी असाच गवगवा झाल्यावर नियम आला होता. अर्ज आत आला की आवक खोलीतली कारकून बाई नावावर काळा कागद चिकटवते, आतल्या पानांवरही शाई फिरवते, वर नुसता क्रमांक टाकते. छाननीला क्रमांकच दिसतो.

“मजकुरावरून ओळखता येईल की.”

“येईल. पण वाचायला वेळ कोणाला आहे? ते बघा.”

भिंतीवर फळा होता. प्रत्येक कारकुनापुढे रोज निकालात काढायच्या फायलींचा आकडा आणि त्याखाली काल प्रत्यक्षात झालेला. कमी पडलेल्याच्या नावाखाली लाल रेघ.

एक कारकून ढिगाऱ्यापाशी आला. वरची फाईल उचलली, हातात जराशी झेलली, परत ठेवली. दुसरी झेलली, ती घेऊन गेला. बाजारात फळ पारखावं तसं.

“सखोल चौकशी कोण ठरवतं?”

“कोणीच नाही. मुदतीत हात लागला नाही, की फाईल नियमानेच तिकडे जाते. प्रश्नावली यंत्रातून निघते. त्यातला एक शब्द माझा नाही. माझा असता तर इतका मूर्ख नसता.”

“आणि हात न लागलेल्या सगळ्या एकाच बाजूच्या कशा?”

खडूसने पहिल्यांदा नजर चुकवली. “तेच कळत नाहीये. शपथेवर सांगतो, कळत नाहीये. तुम्ही शोधा. सापडलं तर मला आधी सांगा, त्याच्या कानाखाली काढायची आहे.”

अडकलेल्या फायली त्याने तिला कोपऱ्यात दाखवल्या. कारकून त्यांना विटा म्हणत. तिने आवक खोलीतून नावं मागवून ताडून पाहिली. बाईंचं म्हणणं खरं होतं. विटा सगळ्या सरकारला नको असलेल्यांच्या.

एक सोडून. ती होती भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या आश्रमाची. त्या बिचाऱ्यांचं कोणत्याही सरकारशी वाकडं नव्हतं. तरी फाईल चांगली जाडजूड. उघडून पाहिलं तर आत प्रत्येक कुत्र्याच्या लसीचा दाखला.

आणि उलटंही एक निघालं. समुद्रकिनाऱ्यासाठी झगडणारी एक संघटना, जिच्या नावातच सरकारला शिवी होती, ती मात्र सुळकन पार झाली होती.

नावं बघणारी आवकची कारकून दोषी असती, तर ही शिवी सुटली नसती. मजकूर बघणारा दोषी असता, तर कुत्री अडकली नसती.

मग राहिलं काय?

*

मदत कक्षात शिरताच तिच्यापुढे खुर्ची आली, मग पाणी, मग हसू.

“बसा, बसा. सर्दी झालीये वाटतं? ही गोळी घ्या.” साहेबांनी ड्रॉवरमधून खोकल्याची गोळी काढली. खात्यात त्यांना ‘साखर’ म्हणत, आणि ते त्यांनाही आवडायचं. भिंतीवर उत्तम लोकसेवेची तीन मानपत्रं टांगलेली.

“अर्ज घेऊन येणाऱ्या सगळ्यांना तुम्ही भेटता?”

“जातीने. लोक घाबरतात हो करखात्याला. कोणी नीट समजावून सांगत नाही. आपण चार शब्द गोड बोललो तर आपलं काय जातं?”

“फायली तुमच्या हातात येतात?”

“छे! मी त्यांना बोटसुद्धा लावत नाही. आवकच्या खिडकीत लोक त्या आपले आपण देतात.”

“खडूसबद्दल काय वाटतं?”

साखरने उसासा सोडला. “जीभ कडू आहे, पण मनाने वाईट नाही. आता राजकारणावर जरा जास्त बोलतो... पण ते तुम्ही मनावर घेऊ नका.”

म्हणजे मनावर घ्या, हे तिला कळलं.

“तुमची निवृत्ती जवळ आली ना?”

“दोन महिने. घरी बसवायचं नाही म्हणतात. नव्या रस्ते प्राधिकरणावर बोलावतायत. आपण कुठे मागायला गेलो होतो?”

*

कुत्र्यांच्या आश्रमात तिच्याशी आधी कुत्रीच बोलली. आश्रमाची मालकीण नंतर आली, कडेवर एक तीन पायांचं पिल्लू घेऊन.

“अर्ज तुम्ही स्वतः दिलात?”

“मी कुठली जाते! यांना कोण बघणार? माझी नणंद गेली होती. ती त्या बाजूलाच राहते, गिरणीमागे. भाडेकरू संघाची खजिनदार आहे ती.”

“आणि इतके दाखले कशाला जोडलेत?”

“मीही तेच म्हटलं! तर म्हणाली, वहिनी, सगळं जोडू, काही राहायला नको. दोन दिवस दाखले शोधत बसलो. एक चावून खाल्ला होता, तो पुन्हा काढून आणला.”

चिमटा हसली नाही. तिचं डोकं भलतीकडे धावत होतं. तिथूनच तिने किनारेवाल्यांना फोन लावला.

“तुमचा अर्ज कोण घेऊन गेलं होतं?”

“आमचे सासरे,” पलीकडून उत्तर आलं. “मला ताप होता. ते तिकडे पेन्शनच्या कामाला जाणारच होते. त्यांना संघटनेतलं ओ की ठो कळत नाही, पण काम झालं बघा!”

दुपारी ती खात्याच्या पार्सल विभागात गेली आणि वजनकाटा मागून आणला. खडूसच्या देखत एकेक फाईल काट्यावर ठेवली. एकही उघडली नाही, एकही वाचली नाही. पार झालेल्या एकीकडे, विटा दुसरीकडे.

“काय, रद्दी विकायची आहे का?” खडूसने विचारलं. मग काटा बघितला, आणि विटांमधली एक फाईल स्वतःच पुन्हा काट्यावर ठेवून पाहिली.

“कानाखाली काढायची तयारी ठेवा,” ती म्हणाली.

घरी तिने धाकट्या दिराला गाठलं. भावोजी विमा कंपनीत होते आणि आयुष्यात कुठल्याही मोर्चाला गेले नव्हते. रांगेत उभं राहावं लागतं म्हणून.

“भावोजी, उद्या एक अर्ज घेऊन करखात्यात जायचं. मदत कक्षात विचारायचं, सोबत काय काय जोडू. बोलायचं कमी, ऐकायचं जास्त.”

“वहिनी, हे मला जमेल असं वाटतं तुम्हाला?”

“नाही. पण घरात दुसरं कोणी नाही.”

मग तिने बाईंना फोन केला.

*

परवाचा दिवस उजाडला. खालच्या दालनात पत्रकार जमले. वर केबिनमध्ये वरिष्ठ, खडूस, साखर, बाई आणि चिमटा.

“अहवाल तयार आहे ना?” वरिष्ठांनी खडूसकडे न बघता विचारलं.

“आहे. आधी एक सांगते,” ती म्हणाली. “मी आधी खूण शोधत होते. काळ्या कागदाखालून कोणीतरी खुणा करत असणार, असं वाटलं. खूण नव्हतीच. कुत्र्यांनी मला शहाणं केलं. आश्रमाचं नाव निरुपद्रवी, मजकूर निरुपद्रवी, तरी अडकला. का? कारण अर्ज घेऊन आली होती भाडेकरू संघाची खजिनदार. किनारेवाल्यांचं नाव जहाल, तरी सुटले. कारण घेऊन आले होते सासरे, ज्यांना कोणी ओळखत नव्हतं. म्हणजे निवड नाव बघून होत नव्हती. तोंड बघून होत होती.”

“तोंड तर दारावरचा पहारेकरीही बघतो,” वरिष्ठ म्हणाले.

“पण तो कोणाला सल्ला देत नाही.”

साखर हसतच होते. हसू किंचित बारीक झालं.

“फाईल झटपट निघायला काय लागतं? बारीक असावी लागते. कारकुनांना रोजचा आकडा गाठायचा असतो. ते फाईल हातात झेलतात, हलकी ती आधी घेतात. जड ती तळाला जाते, मुदत उलटते, नियम तिला सखोल चौकशीत ढकलतो. कोणाला काही सांगावं लागत नाही. खडूसच्या खोलीचा आळस हे या कटाचं इंजिन आहे, आणि त्यांना पत्ताही नाही.”

“आळस म्हणायचं काम नाही,” खडूस गुरगुरला. मग म्हणाला, “बरं, म्हणा.”

“आता फक्त एकाच माणसाची गरज उरते. नको असलेल्यांच्या फायली जाड करणारा. गोड बोलून! काल दोन जण मदत कक्षात गेले. दोघांच्या हातात एकाच वाचनालयाचा अर्ज, अक्षर न् अक्षर सारखा. माझ्या दिराला साहेब काय म्हणाले? ‘चारच कागद लावा, उगाच पसारा नको.’ आणि बाई, तुम्हाला?”

“म्हणाले, ‘बाई, काही राहू देऊ नका. सगळी इतिवृत्तं, सगळी पत्रकं, सगळ्या पावत्या जोडा. फाईल भरभक्कम दिसली पाहिजे,’” बाई म्हणाल्या. “पहिल्या वेळीही हेच म्हणाले होते. मी त्यांना दुवा देत घरी गेले होते.”

साखरने दोन्ही हात पसरले. “अहो, बाईंना न्याय मिळावा म्हणून जास्त कागद सुचवले. सल्ला देणं हा गुन्हा आहे का? मी कोणाला कधी ‘नाही’ म्हटलंय?”

“कधीच नाही. तीच तर कला. आता मला एवढंच सांगा, बाईंचा गुडघा दुखावलाय हे तुम्हाला कसं कळलं?”

“लंगडत होत्या त्या.”

बाई उठल्या. दारापर्यंत ताडताड चालत गेल्या, तशाच परत आल्या. “अर्ज द्यायच्या आधीच बरा झाला होता.”

“मग... पेपरात वाचलं असेल.”

“पेपरात नव्हतं,” चिमटा म्हणाली. “बाई पडल्या मंत्र्यांच्या बंगल्याच्या आवारात. धरणं धरलं, रक्षकांनी ओढलं तेव्हा. फाटक बंद होतं, पत्रकार बाहेर अडवले होते. बाईंनी घरी सुनेलासुद्धा पाय घसरला म्हणून सांगितलं. ते पडणं दिसलं ते फक्त बंगल्यातल्या कॅमेऱ्यांना. तुम्ही गुडघ्याची विचारपूस केलीत, कारण तुम्हाला सगळ्यांचीच विचारपूस करायची सवय. तुमची साखरच नडली तुम्हाला.”

“तुझा खालचा ड्रॉवर उघड,” खडूस साखरला म्हणाला.

“किल्ली हरवलीये.”

“परवा तर त्यातूनच मला खोकल्याची गोळी दिलीत,” चिमटा म्हणाली.

किल्ली साखरच्या खिशातूनच निघाली आणि खडूसने खालून ड्रॉवरच उपसून वर आणला. गोळ्यांच्या डबीखाली बंगल्यातले फोटो होते. धरणं धरलेले, घोषणा देणारे, खाली पडलेल्या बाई. प्रत्येक चेहऱ्याभोवती गोल.

साखरचं हसू आता गळून पडलं. त्या हसूमागचा माणूस एकदम म्हातारा दिसला.

“मंत्र्यांच्या सचिवांनी दिले. म्हणाले, कोणाला नाही म्हणू नका, फक्त दमवा. दमले की सोडून देतील, नाहीतर नावं देतील. दोन्हीकडून आपलंच. आणि प्राधिकरणाची खुर्ची... मी कोणाचं वाकडं केलं नाही हो. मी फक्त सल्ला दिला.”

वरिष्ठांनी घाईघाईने दाराची कडी चाचपली. “हे इथेच राहू दे. सचिवांचं नाव अहवालात नको. खाली पत्रकार आहेत. मी सांगतो काय लिहायचं ते.”

“अहवाल माझा आहे,” चिमटा म्हणाली. “खालची सही माझी आहे. तुम्हाला सांगायचं असेल तर लेखी पाठवा.”

खडूसने मान वर केली. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला पहिल्यांदाच ते सुंदर वाटलं.

बाईंनी कडी काढली. बाहेर सगळा मजला भरला होता. नदीवाले, माहितीवाले, भाडेकरू, पिल्लू कडेवर घेतलेली आश्रमाची मालकीण. ज्यांच्या ज्यांच्या विटा झाल्या होत्या, ते सगळे. बाईंनी आदल्या दिवशीच निरोप धाडले होते.

“या,” बाई म्हणाल्या. “साहेब सांगतायत, ऐका.”

*

आता हिशोब.

साखरची खुर्ची गेली आणि निवृत्तिवेतन चौकशी होईपर्यंत अडकलं. ते सोडवायला किती कागद लागतात, हे विचारायला ते मदत कक्षात गेले, तेव्हा तिथे कोणी नव्हतं. खडूसला ताकीद मिळाली. त्याने त्यावर ‘मान्य’ लिहिलं, फळा भिंतीवरून उतरवला आणि सगळ्या विटा स्वतः वाचल्या. कानाखाली काढायची मात्र राहून गेली, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

चिमट्याची बदली झाली. जुन्या कागदांच्या गोदामात, जिथे खिडकी नाही. तिने टेबलावर तो वजनकाटा नेऊन ठेवला. परत मागायची कोणाची छाती झाली नाही.

सचिवांनी काहीच भरलं नाही. अहवालात त्यांचं नाव आहे, एवढंच. वरिष्ठ अजून वरिष्ठच आहेत.

नदीवाल्यांनी सगळ्यांत जास्त भरलं. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्यांनी कार्यालय बंद करून सामान विकलं होतं. त्यांनी ते प्रमाणपत्र नदीकाठच्या पानाच्या टपरीवर चिकटवलंय आणि सभा आता तिथेच भरते.

कुत्र्यांना सवलत मिळाली. तीन पायांच्या पिल्लाचा दाखला खडूसने मूळ प्रत म्हणून ठेवून घेतला, परत दिला नाही.

भाडेकरूंचं प्रमाणपत्र मुदतीत आलं. वकील उभा राहिला. खटला चालू आहे, घरं उभी आहेत.

आणि ती प्रश्नावली अजून बाईंकडेच आहे. बैठकीला कोण कोण येतं, या प्रश्नाखाली त्यांनी लाल शाईने, शाळेत देत तसा, शेरा मारलाय: प्रश्न चुकला आहे, पुन्हा लिहून आणा.

नावांचा रकाना कोरा आहे. तिथे कोणीही, काहीही भरलेलं नाही.